शिडाच्या जहाजातून नगरला

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. होडी बघायची तर भंडारदऱ्याला नाहीतर मुळा धरणावर जायचं, तीही वल्ह्याची किंवा इंजिनाची. शिडाचं जहाज आम्ही नगरवाल्यांनी बघितलं ते फक्त सिनेमात! (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात नगरच येतं, म्हणून तसंच लिहिते.) तरीही मी आज शिडाच्या जहाजावरच लिहिणार आहे. कारण नगरच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं माणूस अशाच जहाजातून आपल्याकडे आलं. त्यांचं नाव सिंथिया फरार.

सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात हे नाव हमखास येतं. पण किती? एका ओळीपुरतं. सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, एवढंच आपण वाचतो आणि पान उलटतो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. मग एकदा प्रश्न पडला की ही अमेरिकन बाई त्या काळात नगरला पोचली तरी कशी? विमान नाही, आगगाडी नाही. सुएझ कालवासुद्धा 1869 चा!

फरारबाईंचा जन्म 1795 सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावचा. पेशा शिक्षिकेचा. मुंबईतल्या अमेरिकन मिशनला मुलींच्या शाळा बघायला बाई हव्या होत्या. अविवाहित बाईला एवढ्या लांब पाठवायचं म्हणजे त्या वेळी मोठाच प्रश्न. अमेरिकेतून परदेशी गेलेल्या अगदी पहिल्या काही अविवाहित स्त्री-मिशनऱ्यांपैकी त्या एक. 5 जून 1827 रोजी बोस्टन बंदरातून त्यांचं 'एमराल्ड' जहाज निघालं, तेव्हा त्यांचं वय 32 होतं. सोबत मिशनची दोन जोडपी होती. आधी कलकत्ता, मग मुंबई. मुंबईत पाऊल पडलं 29 डिसेंबर 1827 ला. मी मोजलं, कलकत्त्याचा मुक्काम धरून 207 दिवस! म्हणजे आपलं एक अख्खं सेमिस्टर, परीक्षा आणि वर सुट्टीसुद्धा.

एवढे दिवस का लागायचे, हे आपल्यासारख्यांनी समजून घेण्यासारखं आहे. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. मग नकाशावरची जवळची वाट सोडून वाऱ्याची वाट धरायची. अटलांटिकमध्ये व्यापारी वारे पकडून दक्षिणेला उतरायचं, विषुववृत्त ओलांडून पार ब्राझीलच्या बाजूला झुकायचं, मग खाली पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात शिरून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा. तिथून वर येताना हिंदी महासागरात आपला नैऋत्य मोसमी वारा ढकलत न्यायला तयार. ज्या वाऱ्याची आपल्याकडे पाऊस म्हणून वाट बघतात, तोच यांचं इंजिन!

आता जहाजावरचे दिवस कसे जायचे? बाईंची रोजनिशी काही माझ्या हाताशी नाही, पण त्या काळच्या अशा जहाजांचा दिनक्रम ठरलेला असायचा. खलाशांच्या चार-चार तासांच्या पाळ्या. दर अर्ध्या तासाला वाळूचं घड्याळ उलटायचं आणि घंटा द्यायची. रात्र असो, वादळ असो, घंटा चुकायची नाही. दुपारी बाराला सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायचा. वेग मोजायची तऱ्हा तर मला भारीच आवडली. दोरीला 47 फूट 3 इंचांवर गाठी मारायच्या, टोकाला लाकडी फळी बांधून पाण्यात सोडायची आणि 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं. पाच गाठी गेल्या तर वेग पाच सागरी मैल. जहाजाच्या वेगाला 'नॉट', म्हणजे गाठ, म्हणतात ते यामुळे. गणित करून बघा, अचूक जमतं!

प्रवाशांची खोली म्हणजे आपल्या हॉस्टेलची रूमसुद्धा महाल वाटेल अशी. फळीवर झोपायचं, आणि जहाज कलंडलं की खाली पडू नये म्हणून फळीला कड. सामान बांधून ठेवायचं, नाहीतर रात्रभर ट्रंका खोलीभर फिरणार. पहिले काही दिवस बोट लागून आडवंच पडायचं. जेवायला खारवलेलं मांस, दगडासारखी बिस्किटं (त्यात किडे निघणं अगदी नेहमीचं), वाटाणे. कोंबड्या आणि डुकरं जिवंत बरोबर घेतलेली, ती संपेपर्यंत ताजं खायचं. गोडं पाणी लाकडी पिपांत, मोजून मिळणार आणि महिन्याभरात त्याला वास येणार. पाऊस आला की पसरलेल्या शिडात पाणी झेलायचं. तो दिवस सणाचा. विषुववृत्ताजवळ वारा पडला की शिडं लोंबकळतात. समुद्र तव्यासारखा सपाट, फळ्यांच्या सांध्यांतलं डांबर उन्हानं मऊ झालेलं आणि करायला काहीच नाही. वादळापेक्षा ही शांतता जास्त छळते म्हणे!

याच बोस्टन-कलकत्ता मार्गावर 1833 मध्ये 'टस्कनी' जहाजातून चक्क बर्फ आला. निघताना साधारण 180 टन, पोचला सुमारे 100 टन. भुशात गुंडाळलेला बर्फ विषुववृत्त दोनदा ओलांडून आला. हीट ट्रान्सफर शिकवताना हे उदाहरण कुणी का देत नाही, देव जाणे!

फरारबाई मुंबईत पोचल्या आणि कामाला लागल्या. दोन वर्षांत त्यांच्या देखरेखीखालच्या शाळांत चारशेहून जास्त मुली होत्या. 1837 मध्ये तब्येतीमुळे त्या मायदेशी गेल्या, म्हणजे पुन्हा समुद्र. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण 1839 मध्ये त्या परत आल्या. जहाज काय असतं, पिपातलं पाणी कसं लागतं, हे सगळं माहीत असताना आल्या! पहिल्या प्रवासापेक्षा हा प्रवास मला जास्त अवघड वाटतो. या वेळी नेमणूक होती नगरला. बोरघाटातून आगगाडी धावायला अजून वीसेक वर्षं होती आणि नगरला तर ती 1878 मध्ये आली. म्हणजे समुद्र संपला तरी घाट होताच.

नगरमध्ये त्यांनी बावीस वर्षं मुलींना शिकवलं. त्या धर्मप्रसाराच्या संस्थेतून आल्या होत्या, त्यामुळे लोकांना शंका यायची आणि मुली शाळेत टिकणं सोपं नव्हतं. तरी शाळा चालू राहिली. जोतीराव फुल्यांनी ही शाळा पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे सावित्रीबाई इथे शिकवायचं कसं ते शिकायला आल्या. जानेवारी 1862 मध्ये फरारबाई नगरमध्येच वारल्या. चौथा समुद्रप्रवास त्यांनी केला नाही.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतलं, तेही सांगते. मी शेवगाव तालुक्यातली. बारावीनंतर मला नगरला हॉस्टेलवर ठेवायचं की नाही, यावर आमच्या घरी चार दिवस खल चालला होता. अंतर एसटीने दोन तासांचं! दादा पुण्याला गेला तेव्हा असा खल झाला नव्हता. शेवटी आई म्हणाली जाऊ दे, म्हणून मी आज मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात आम्ही सात मुली. आता चेन्नईच्या नोकरीचं पत्र आलंय आणि घरी पुन्हा खल सुरू आहे. आजीला मी फरारबाईंची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांच्या आईला पत्र किती दिवसांनी मिळायचं? मी म्हटलं, सहा महिने तरी. मग आजी बराच वेळ गप्प बसली. निर्णय अजून झालेला नाही, पण आजी आता नाही म्हणत नाहीये.

मित्रमैत्रिणींनो, दर 3 जानेवारीला आपल्या कॉलेजात सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतात. यंदा तिथे उभे राहाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की त्या शिक्षिकेच्या मागे नगरमधली एक शाळा आहे, आणि त्या शाळेच्या मागे वाऱ्यावर काढलेले 207 दिवस आहेत.