कामगाराची बाजू ऐकून घ्यायला लावणारे बाबासाहेब

वऱ्हाडच्या कापसावर उभ्या राहिलेल्या अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले. १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊनही त्या तगल्या नाहीत. मात्र या गिरण्यांच्या फाटकावर कधीकाळी लावलेल्या एका कागदाची आठवण जुन्या कामगारांना अजूनही असेल. कामाच्या पाळ्या, रजा, उशिरा येण्याची शिक्षा, गैरवर्तन म्हणजे काय आणि बडतर्फीपूर्वी कोणती चौकशी करायची, हे सारे त्या कागदावर छापलेले असे. त्याला स्थायी आदेश म्हणत. मालकाच्या तोंडी हुकमाची जागा लेखी नियमांनी घ्यावी, यासाठी देशपातळीवर जो कायदा झाला, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रीय मजूरमंत्री असताना. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून साऱ्या जगाला ठाऊक असलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रातील हे पान मात्र फारसे उलगडले जात नाही.

गिरणगावातील बालपण

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे पुढील शालेय व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईत झाले. वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यानंतर हे कुटुंब परळच्या चाळीत राहू लागले. आजूबाजूची सारी वस्ती गिरणी कामगारांची होती. पहाटेच्या भोंग्याबरोबर जाग येणारी ही माणसे जॉबरच्या मर्जीवर जगत. कामावर घेणारा जॉबर आणि काढून टाकणाराही तोच. काढलेल्या माणसाला कारण विचारण्याची सोय नव्हती. परळच्या या खोलीत दिव्याच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने श्रमिकांचे जग पुस्तकांआधी शेजारात पाहिले होते.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेऊन आणि लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून ते १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती फायली देण्याऐवजी दुरून टेबलावर फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लोकांनी त्यांना लाठ्यांच्या धाकाने बाहेर काढले. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता, तरीही त्यांना ती नोकरी सोडावी लागली आणि दाद मागायला जागा उरली नाही. उच्चविद्याविभूषित माणसाची ही गत, तर निरक्षर मजुराचे काय, हा प्रश्न त्यांच्या पुढील आयुष्यात वारंवार उभा राहिलेला दिसतो.

अमरावतीची परिषद

बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली आणि १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कार्यालयात गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या गरिबांची रीघ लागे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची पावले वऱ्हाडाकडे वळली.

अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, यासाठी वऱ्हाडात चळवळ उभी राहिली होती. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे तरुण नेतेही तिच्या पाठीशी होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. सत्याग्रहाची तयारी झालेली असतानाही मंदिराच्या विश्वस्तांना विचार करण्यास मुदत द्यावी, असे ठरले आणि सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. संघर्ष करायचा, पण त्याआधी समोरच्या पक्षाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यायची, ही त्यांची कायदेशीर वृत्ती होती. पुढे कामगारांसाठी त्यांनी मालकांकडून मागितले तेही हेच होते.

संप आणि संघटना

१९२८ च्या गिरणी संपात त्यांनी एक अवघड प्रश्न पुढे केला. अस्पृश्य कामगारांना साचे खात्यात काम मिळत नसे. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, ही सबब त्यामागे होती. या खात्यात वेतन अधिक असे. मालकांशी भांडणाऱ्या संघटनेने आपल्याच सदस्यांवरील या अन्यायाविरुद्धही उभे राहिले पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. संघटना सर्वांची असेल तरच तिला सर्वांच्या वतीने बोलता येईल, ही त्यामागची भूमिका होती.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाने मुंबई विधिमंडळात लक्षणीय यश मिळविले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी सांगितले. अकोला, बडनेऱ्यावरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर पिढ्यान्‌पिढ्या गँगमन म्हणून राबणाऱ्या आणि वरच्या जागेची वाट बंद असलेल्या माणसांची व्यथा तेथे मांडली गेली.

त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात स्थायी आदेशांची तरतूद होती. परंतु ठरावीक प्रक्रिया पूर्ण न करता केलेला संप गुन्हा ठरणार होता. कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे ही गुलामगिरीच आहे, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी विधिमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच व्यासपीठावर आले. कायदा झाला, पण संघटनेच्या स्वातंत्र्याचा मुद्दा त्यांनी कधी सोडला नाही.

मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाभोवती आणणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांना त्यांच्या काळात वेग आला. कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाने कायद्यातील दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. खाणींतील स्त्रिया, प्रसूती लाभ, आरोग्य विमा, सेवायोजन कार्यालये अशा अनेक विषयांना या चार वर्षांत चालना मिळाली.

शिस्तभंगाच्या प्रश्नाशी थेट नाते सांगणारी कामे मात्र दोन. पहिले काम म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळापुढे आले. त्या काळी मालक संघटनेच्या पत्रांना उत्तरही देत नसत. संघटना नोंदलेली असली तरी तिच्याशी बोलण्याचे बंधन मालकावर नव्हते. हे विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे १९४७ मध्ये तशी दुरुस्ती संमत झाली, परंतु ती कधीच अमलात आणली गेली नाही.

दुसरे काम तडीस गेले. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा एप्रिल १९४६ मध्ये संमत झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने सेवाशर्तींचा मसुदा प्रमाणन अधिकाऱ्यापुढे ठेवावा, त्याने तो कामगार संघटनेला दाखवून तिचे आक्षेप ऐकावेत आणि मगच मान्यता द्यावी, अशी त्याची रचना होती. गैरवर्तन कशाला म्हणावे, निलंबन आणि बडतर्फी कशी व्हावी आणि अन्याय झाल्यास कामगाराने कोठे दाद मागावी, हे नियमांत असणे सक्तीचे झाले. सोबतच्या नमुना आदेशांनी, आरोप लेखी कळविल्याशिवाय आणि खुलाशाची संधी दिल्याशिवाय बडतर्फी करू नये, असे बंधन घातले. जॉबरच्या एका शब्दावर माणूस रस्त्यावर येण्याच्या काळात हा बदल मोठा होता.

या कायद्यात उणिवाही होत्या. मसुद्यातील नियम न्याय्य आहेत की नाहीत, हे तपासण्याचा अधिकार अधिकाऱ्याला सुरुवातीला नव्हता. तो १९५६ च्या दुरुस्तीने आला. निलंबनकाळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि त्यानंतर ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळण्याची तरतूद तर १९८२ मध्ये झाली.

शेजारी कोण उभे राहणार?

खुलाशाची संधी मिळाली, तरी खुलासा करायचा कसा, हा प्रश्न उरतोच. चौकशीच्या खोलीत अधिकारी मालकाचा, साक्षीदार मालकाचे आणि कागदपत्रेही मालकाच्या कपाटात. समोर एकटा बसलेला कामगार साक्षीदाराची उलटतपासणी काय घेणार? त्याच्या शेजारी संघटनेचा जाणता प्रतिनिधी असेल, तर तो कागदपत्रांच्या प्रती मागतो, तारखा पडताळतो, अशाच चुकीसाठी दुसऱ्याला कोणती शिक्षा झाली होती, हे नजरेस आणतो. अपिलाच्या वेळी तर याचे मोल अधिकच. मूळ चौकशीत न नोंदविलेला आक्षेप नंतर उपयोगी पडणे कठीण असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये टाटा लोकोमोटिव्ह कंपनीच्या प्रकरणात, अंतर्गत चौकशीत संघटनेच्या प्रतिनिधीची मदत घेणे हा कामगाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही, असा निर्णय दिला. नियमांत किंवा कायद्यात तशी तरतूद असेल तरच तो मिळतो. म्हणूनच लेखी नियमांचे महत्त्व वाढले. मुंबई राज्याच्या १९५९ च्या नमुना आदेशांत सहकारी कामगार किंवा आपल्या संघटनेचा पदाधिकारी यांच्यामार्फत बचाव करण्याची मुभा आली. त्यापुढे जाऊन महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांच्या मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा कायदा केला. तो १९७५ मध्ये अमलात आला. अंतर्गत चौकशीत सभासदाच्या वतीने हजर राहण्याचा अधिकार त्याने मान्यताप्राप्त संघटनेबरोबर मान्यता नसलेल्या संघटनेलाही दिला. १९४३ च्या विधेयकातील मान्यतेची कल्पना अशा रीतीने राज्याच्या कायद्यात उतरली.

वऱ्हाड त्या वेळी महाराष्ट्रात आलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबर रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या समुदायात वऱ्हाडातील शेतमजूर आणि गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वारसा आणि आव्हान

१९४६ चा कायदा आता स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तो विलीन झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वाटाघाटी करणाऱ्या संघटनेला मान्यता देण्याची तरतूद तिने देशभर आणली. दुसरीकडे, स्थायी आदेशांची सक्ती तीनशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. अकोल्यातील डाळ मिल आणि अमरावती जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कारखान्यांत ही संख्या गाठली जात नाही. मोठ्या कारखान्यांतही अनेक माणसे ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात.

अशा ठिकाणी हाती आरोपपत्र पडलेल्या माणसासाठी संघटनेचे सभासदत्व हाच मोठा आधार राहतो. खुलासा लेखी देणे, त्याची पोच घेणे, प्रतिनिधीची मागणी पहिल्याच तारखेला अर्जाद्वारे नोंदविणे आणि अपिलाची मुदत न चुकविणे, या साध्या गोष्टींवर अनेकांची भाकरी टिकते. दरवर्षी १४ एप्रिलला अकोला आणि अमरावतीचे रस्ते निळ्या पताकांनी भरून जातात. त्या मिरवणुकीतील बरेच हात दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाच्या पाळीवर जाणारे असतात. त्यांना कामावरून काढण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे मालकांना कायद्याने मान्य करायला लावण्यात बाबासाहेबांचा वाटा मोठा आहे. ते म्हणणे मांडताना कामगार एकटा पडू नये, याची जबाबदारी आता संघटनांवर आहे.