माणसं मोजणारा माणूस

मी बँकेच्या महाड शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. पाचाडची एक म्हातारी पैसे काढायला आली होती. जन्मभर भातलावणी करून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या. कार्डावरच्या ठशाशी ठसा जुळेना. नियमावर बोट ठेवून मी तिला परत पाठवले. पुढच्या आठवड्यात ती ओळखीच्या खातेदाराला घेऊन आली, पैसे घेऊन गेली. माझ्याकडे मात्र तिने पाहिले नाही.

निवृत्तीनंतर मी पाचाडलाच राहायला आलो. म्हातारी आता नाही. पण आल्फोन्स बर्टिलॉनची हकिकत वाचताना तीच आठवत राहिली.

बर्टिलॉन १८५३ साली पॅरिसमध्ये जन्मला. वडील डॉक्टर आणि नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ. मुलगा मात्र शाळेत टिकेना. अखेर १८७९ मध्ये वडिलांच्या ओळखीने तो पोलिस कचेरीत कारकून म्हणून चिकटला. (त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पकडले गेले.) गुन्हेगारांची वर्णने कार्डांवर उतरवायची, हे त्याचे काम. उंची मध्यम, चेहरा साधारण, असल्या वर्णनावरून कोण कोणाला ओळखणार? नाव बदलले की जुना चोर नवा होई.

मोठ्या माणसाची हाडे सहसा बदलत नाहीत आणि दोघांची अकरा मापे जुळणे जवळजवळ अशक्य, हे त्याने हेरले. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, उजवा कान, डावे पाऊल अशी मापे घेऊन त्याने कार्डे खणांत लावली. आधीच्या साहेबांनी हे हसण्यावारी नेले. नव्या साहेबांनी १८८२ च्या अखेरीस तीन महिन्यांची मुदत दिली. फेब्रुवारी १८८३ मध्ये नाव बदलून आलेला पहिला चोर सापडला. १८८४ साली असे २४१ सापडले. समोरून एक आणि बाजूने एक असा गुन्हेगाराचा फोटो काढण्याची शिस्तही त्यानेच घालून दिली.

पण माप घेणारा हात माणसाचाच. एकाच कानाचे माप दोन शिपाई वेगवेगळे घेत. बंगालमध्ये ही पद्धत वापरताना एडवर्ड हेन्री यांना हाच दोष जाणवला. त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांची वर्गवारी बसवायला मोलाची मदत केली. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी उघडली आणि बर्टिलॉनची मापे हळूहळू मागे पडली.

त्याची खरी चूक मात्र वेगळीच होती. हस्ताक्षरांचा जाणकार नसताना त्याने १८९४ मध्ये कॅप्टन ड्रायफसविरुद्ध अक्षर ओळखल्याची साक्ष दिली. निरपराध ड्रायफसला सैतानाच्या बेटावर धाडले गेले; १९०६ मध्ये तो निर्दोष ठरला. १८९९ च्या फेरखटल्यातही बर्टिलॉनने आपला हेका सोडला नव्हता. १९१४ मध्ये तो वारला.

आज रेशनच्या दुकानातही यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो आणि पुसट रेषांची माणसे ताटकळतात. मोजमाप हवेच, त्यावाचून बँक चालत नाही. पण ठसा जुळला नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. कार्डावरून नजर उचलून त्या म्हातारीच्या हाताकडे नीट पाहिले असते, तर हे मला तेव्हाच उमगले असते.