खेकड्यानं पोखरलेला बांध

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा बॉस्टनहून डॉ. पॉल डडले व्हाइट यांना बोलावणं गेलं. असा रोगी म्हणजे कायमचा अंथरुणाला खिळलेला, ही तेव्हाची समजूत. व्हाइटनी त्यांना हिंडतंफिरतं केलं आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष पुन्हा निवडून आले. जगाला व्हाइट माहीत झाले ते असे. मला ते आवडतात ते एका जुन्या कामासाठी.

१८८६ चा जन्म, वडील डॉक्टर. १९१३ साली लंडनला थॉमस लुइस यांच्याकडे हृदयाचा विद्युत आलेख काढायला शिकले. १९२८ मध्ये त्यांच्या आणि त्यांचे सहकारी लुई वोल्फ यांच्या पाहण्यात पस्तिशीचा एक व्यायामशिक्षक आला. गडी धडधाकट, पण मधूनच छाती बेफाम धडधडायची. आलेख विचित्र, आणि जरा पळवून आणलं की तोच सुरळीत! लंडनच्या जॉन पार्किन्सन यांच्याकडेही असे रोगी निघाले. १९३० मध्ये तिघांनी ११ जणांची हकिगत छापली आणि मथळ्यातच या तरुणांना निरोगी म्हटलं. माझ्या भाचीच्या धडधडीला आम्ही सगळे तीन वर्षं परीक्षेची भीती म्हणत होतो, म्हणून मला त्या शब्दाचं मोल वाटतं.

आपल्या कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला हा आजार चटकन कळेल. पाटाचं पाणी दारापाशी जरा अडतं, मग सरीत उतरतं. हृदयातली वीजही वरच्या कप्प्यांतून खाली जाताना क्षणभर थबकते. या मंडळींत बांधाला खेकड्यानं पाडावं तसं भोक जन्मतःच असतं. वीज तिथून आधीच खाली पोचते. कधी त्याच भोकातून वर परतून गोल फिरत राहते. ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात जातात. क्वचित जीवही जातो.

व्हाइटना हे भोक उमगलं नव्हतं. त्यांना तो नेहमीच्या वाटेतला अडथळा वाटला. खरं कारण इतरांनी दोनतीन वर्षांत मांडलं. नोंद बरोबर आणि खुलासा चुकीचा, हे बँकेच्या तपासणीत एक वेळ खपतं. उलटं मात्र नाही.

१९६८ मध्ये ड्यूक विद्यापीठात एका कोळ्याची छाती उघडून, वीज आधी कुठं पोचते ते हृदयावर जागोजाग चाचपून, ती वाट कापली. व्हाइट तेव्हा ऐंशी ओलांडलेले. १९७३ मध्ये ते गेले. मांडीच्या शिरेतून तारा नेऊन तेवढ्याच जागी चटका देण्याची सोय १९८०च्या दशकाअखेरीस आली. भाची तो चटका घेऊन दुसऱ्याच दिवशी घरी परतली.