घर राखणारी मुले

चार्ली चॅप्लिन पडद्यावर आला की आजही आपण पोट धरून हसतो. पण त्याचे बालपण हसण्यासारखे नव्हते. १८८९ मध्ये जन्मलेल्या चार्लीला समज येण्यापूर्वीच वडील घर सोडून गेले. ते गायक होते, पण दारूच्या आहारी गेलेले. मुलांसाठी पैसेही क्वचितच देत. आई हॅना शिवणकाम करून चार्लीला आणि आपल्या थोरल्या मुलाला, सिडनीला, वाढवीत होती. १८९६ मध्ये तिघांनाही लंडनच्या निराधारगृहाची पायरी चढावी लागली.

१९०१ मध्ये वडील वारले. दोन वर्षांनी आईच्या मनाचा तोल गेला. चौदा वर्षांच्या चार्लीने स्वतः तिला रुग्णालयात पोहोचवले. सिडनी तेव्हा आगबोटीवर नोकरीला होता. तो परतेपर्यंत या पोराने उपाशीपोटी, रस्त्यावर दिवस काढले.

पुढे सिडनीनेच धाकट्याला नामांकित नाटकमंडळीत जागा मिळवून दिली. १९२१ मध्ये टाकून दिलेल्या पोराची कथा सांगणारा ‘द किड’ गाजला. त्याच वर्षी भावांनी आईला अमेरिकेत आणले आणि १९२८ पर्यंत, तिच्या अखेरीपर्यंत, सांभाळले. बापाने मोडलेले घर दोन मुलांनी असे राखले!