डॉ. सुब्बाराव : एक अपुरे राहिलेले यश

मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरीही डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र वाचल्यापासून हा शास्त्रज्ञ माझ्या मनातून जात नाही.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम् येथे त्यांचा जन्म झाला. स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ दगावले. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेताना खादी वापरल्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एम्. बी. बी. एस्. ऐवजी कमी दर्जाची पदवी हाती आली. पत्नीला मागे ठेवून ते बोस्टनला गेले, ते मायदेशी परतलेच नाहीत. पोटासाठी त्यांनी रुग्णालयात हलकी कामे केली. हार्वर्डमध्ये मोलाचे संशोधन करूनही कायमची जागा मिळेना, तेव्हा १९४० मध्ये ते लेडर्ले प्रयोगशाळेत गेले.

तेथे त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. भावांचा बळी घेणाऱ्या स्प्रूवर ते गुणकारी ठरले. रक्ताच्या कर्करोगात मात्र त्याने रोग बळावतो, असे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले. मग उलट विचार झाला. फॉलिक आम्लासारखे भासणारे, पण पेशीला फसवून उपाशी ठेवणारे अमिनोप्टेरिन लेडर्लेत तयार झाले. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. १० मुलांना उतार पडला. पण तो टिकला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव झोपेतच गेले.

एकट्या औषधाला कर्करोग पुढे दाद देत नाही. म्हणून निरनिराळ्या मार्गांनी घाव घालणारी औषधे एकत्र द्यावीत, हा विचार नंतर रुजला. अंडाशयाच्या पसरलेल्या कर्करोगावरील एका अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत एकट्या मेल्फलानशी चार औषधांच्या जोडीची तुलना होती. त्या चारांपैकी एक मेथोट्रेक्सेट, म्हणजे अमिनोप्टेरिनचेच लेडर्लेतील भावंड. निम्म्या स्त्रिया जेथवर पोहोचल्या, तो काळ १७ महिन्यांवरून २९ महिन्यांवर गेला. औषधांचा त्रासही वाढला.

बारा महिने! शास्त्राच्या हिशेबात हा आकडा लहान असेल. पण ज्या घरात आई आणखी एक दिवाळी असते, त्या घराला त्याचे मोल विचारावे.

ती जोडीही पुढे मागे पडली. कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल आली. सुब्बारावांनी यातले काहीच पाहिले नाही. आपण फळ मिळाले नाही म्हणून काम सोडतो, तेव्हा मला त्यांची आठवण होते.