हुकूम पाळवून घेणारा राजा

आमचे घर चामराजपेटेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी गल्लीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळत होतो. एका मुलाला आडनावावरून चिडवले गेले आणि तो बॅट ठेवून निघून गेला. मी गप्प राहिलो. घरी येऊन आजोबांना सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला एक कोडे घातले : चामराजपेट आणि कोल्हापूर यांना जोडणारा माणूस कोण?

मला येईना, तेव्हा त्यांनीच उलगडून सांगितले. चामराजपेटेला चामराजेंद्र वाडियार यांचे नाव आहे. त्यांचे पुत्र कृष्णराज यांचे शिक्षक होते स्टुअर्ट फ्रेजर. आपल्या शहरातले फ्रेजर टाऊन त्यांच्याच नावाचे. म्हैसूरला येण्यापूर्वी फ्रेजरसाहेबांनी धारवाडला आणखी एका तरुण राजाला शिकवले होते. ते म्हणजे राजर्षी शाहू महाराज.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. धिप्पाड देहाच्या या राजाला कुस्ती आणि शिकारीचा मोठा शौक होता. पण त्यांची खरी झुंज वेगळी होती. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी राज्यातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड!

तरीही अस्पृश्य मुलांची शाळा वेगळीच राहिली होती. १९१९ मध्ये महाराजांनी या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळ्या मुलांना एकाच शाळेत घ्या, असा हुकूम काढला. जी शाळा भेदभाव करील तिची सरकारी मदत बंद. ज्या अधिकाऱ्याला अस्पृश्यांशी समानतेने वागणे मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. पेन्शनही मिळणार नाही.

आमचे ड्रिलचे उस्ताद नेहमी बजावतात की हुकूम देणे हे अर्धेच काम. तो पाळला जातो की नाही हे पाहणे हे उरलेले अर्धे. १९५७ मध्ये अमेरिकेतील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवावे लागले. न्यायालयाचा निकाल तीन वर्षे आधीच लागला होता. अंमलबजावणी मात्र बाकी होती.

महाराज स्वतः पुढे होत. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि तेथे स्वतः जाऊन चहा घेतला. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही म्हणणे कठीण झाले. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहून त्यांचे नेतृत्व जाहीरपणे स्वीकारले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. अठ्ठेचाळीस वर्षेही त्यांना लाभली नाहीत.

एवढे सांगून आजोबा थांबले. मग त्यांनी मला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. १९१९ मध्ये माझे पणजोबा आठ वर्षांचे होते. कोल्हापूर संस्थानातल्या एका खेड्यात ते शाळेच्या ओट्यावर, चपलांजवळ बसत. गुरुजी त्यांची पाटी लांबूनच पाहत. हुकूम आल्यावर त्यांना आत घेतले. शेजारी कोणी बसेना, पण फळा दिसू लागला. ते सातवी पास झाले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, पुढे नोकरीसाठी बेंगळुरूला आले. आज मी हा गणवेश घालतो.

मी मान खाली घातली. मैदानावर मला कोणाच्या हुकुमाची गरज नव्हती. दोन शब्द बोलणे पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो लगेच बाहेर आला नाही. मी दाराशी थांबलो. थोड्या वेळाने आम्ही दोघे मैदानावर गेलो आणि सर्वांसमोर मी त्याच्या हातात बॅट दिली.