कांगड्याचं मीठ आणि डॉ. रामलिंगस्वामी

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्यांचा हिशेब संपला, की थायरॉईडचा विषय निघतोच. कुणाला पन्नासची गोळी, कुणाला शंभरची. मागे एकदा दोघीजणींनी सांगितलं, की त्यांनी पुडीतलं मीठ बंद करून घरात सैंधव आणलंय. कारण काय, तर पुडीतल्या मिठात केमिकल घालतात म्हणे! त्या 'केमिकल'मागे एका डॉक्टरांची कितीतरी वर्षांची मेहनत आहे, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक नसतं. मलाही फार उशिरा कळलं.

डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांचा जन्म ८ ऑगस्ट १९२१ रोजी आंध्रातल्या श्रीकाकुलम इथे झाला. विशाखापट्टणमला डॉक्टरकी झाली, पुढे एम.डी. झालं, मग ऑक्सफर्डला जाऊन १९५१ मध्ये डॉक्टरेट मिळाली. विषय पॅथॉलॉजी. म्हणजे खरं तर सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून रोगाचं मूळ शोधायचं काम. पण या माणसाला रोगाचं मूळ बरेचदा दवाखान्यात नाही, तर स्वयंपाकघरात सापडत गेलं. तमिळनाडूत कुन्नूरला पोषणावर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती (तीच पुढे हैदराबादला गेली). तिथे त्यांनी काम केलं. कुपोषित मुलं, रक्त कमी असलेल्या बाळंतिणी, हे त्यांचे अभ्यासाचे विषय.

कुन्नूरची ही प्रयोगशाळा उभी करणारे रॉबर्ट मॅकॅरिसन हेसुद्धा गलगंडामागे लागलेले गृहस्थ होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हिमालयात गिलगिटला सरकारी डॉक्टर होते. तिथल्या लोकांचे गळे सुजलेले बघून त्यांना वाटलं, हे घाणेरड्या पाण्यामुळे होतंय. खात्री करायला ते तसलं पाणी स्वतः प्यायले! त्यांचं उत्तर पुरतं बरोबर निघालं नाही, पण प्रश्न त्यांनी धसाला लावायचा प्रयत्न केला.

खरं कारण आयोडीन. आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती जे संप्रेरक तयार करते, त्याला आयोडीन लागतंच. किती लागतं? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सुमारे २५०. आयुष्यभराचं सगळं मिळून जेमतेम चमचाभर भरेल. पण ते रोज मिळावं लागतं. मिळालं नाही, की ग्रंथी बिचारी जास्त काम करून भागवायला बघते आणि फुगत जाते. तोच गलगंड. डोंगराळ भागात पावसाने आणि बर्फाने मातीतलं आयोडीन हजारो वर्षं धुऊन नेलेलं असतं. माती रिकामी म्हणून धान्य रिकामं, चारा रिकामा, दूधही रिकामं. तिथली बाई कितीही निगुतीने स्वयंपाक करो, ताटात आयोडीन येणार कुठून? समुद्राची मासळी तर तिने बघितलेलीसुद्धा नसते.

गळा फुगतो ते निदान दिसतं तरी. न दिसणारं नुकसान पोटातल्या बाळाचं होतं. आईला आयोडीन फारच कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत अशी मुकी-बहिरी, मतिमंद, खुजी राहिलेली मुलं होती. आणि आपल्याकडची रीत माहीतच आहे. मूल असं झालं की बोल आईलाच, नाहीतर तिच्या नशिबाला.

स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली होती. मग आपल्याकडे पुन्हा सिद्ध कशाला करायचं? कारण आपलं मीठ वेगळं, हवा वेगळी, बाजार वेगळा. जाडं, ओलसर, पोत्यात पडून राहणारं मीठ. त्यात घातलेलं आयोडीन चुलीपर्यंत टिकेल का, हाच मुळात प्रश्न होता.

१९५४ च्या सुमारास रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी कांगडा खोऱ्यात गेले. कांगडा तेव्हा पंजाबात होता, आता हिमाचल प्रदेशात आहे. एक लाखाहून जास्त वस्तीचा भाग त्यांनी निवडला आणि त्याचे तीन विभाग केले. आधी गळे तपासले. शंभरात सुमारे ३८ जणांना गलगंड! म्हणजे पाच माणसांच्या घरात दोघांना. १९५६ पासून एका विभागात पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ जाऊ लागलं, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेट घातलेलं, आणि मधल्या विभागात साधं मीठ. लोकांना गोळ्या वाटल्या नाहीत, हे खा ते खाऊ नका असं काही सांगत बसले नाहीत. डाळीत, भाजीत रोज पडणारं मीठ तेवढं बदललं. मला यातली हुशारी फार आवडते. बाईच्या कामात एका कामाची भर न घालता तिची तब्येत सुधारायची.

१९६२ मध्ये पुन्हा गळे तपासले. आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही विभागांत गलगंड निम्म्याच्या आसपास उतरला होता. साध्या मिठाच्या विभागात जसाच्या तसा. आयोडेट आपल्या दमट हवेतही टिकतं, म्हणून आज आपल्या मिठात तेच घालतात.

त्या मधल्या विभागाचं काय, हे वाचताना मी दर वेळी थांबते. सहा वर्षं तिथल्या बायका साधंच मीठ खात होत्या. त्या काळात तिथे किती बाळंतपणं झाली असतील! तुलनेला कुणीतरी लागतंच, त्याशिवाय सरकारला पटत नाही, हे बुद्धीला कळतं. मनाला मात्र टोचतं. १९६२ नंतर त्या विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि पुढच्या तपासणीत तिथलाही गलगंड उतरलेला दिसला, एवढंच समाधान. या पुढच्या तपासणीच्या कामात डॉ. देव आणि डॉ. करमरकर ही मराठी नावंही आहेत.

१९६२ मध्येच सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आधी फक्त डोंगरपट्ट्यापुरता. पुढे कळलं की मैदानी भागात, अगदी दिल्लीतही आयोडीन कमी पडतंय. म्हणून ऐंशीच्या दशकात सगळ्या देशाच्या मिठात ते घालायचं ठरलं. रामलिंगस्वामी १९६९ ते १९७९ दिल्लीच्या 'एम्स'चे संचालक होते, नंतर १९८६ पर्यंत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक. १९७१ मध्ये पद्मभूषण, १९८६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व. १९९४ मध्ये आपल्या बीडकडे आणि सुरतेत प्लेगची घबराट झाली, तेव्हा चौकशी समितीचे प्रमुख म्हणून त्यांनाच बोलावलं. पंचाहत्तरीला आलेल्या रामलिंगस्वामींनी १९९६ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत युनिसेफसाठी एक लेख लिहिला. आफ्रिकेपेक्षा दक्षिण आशियातली मुलं जास्त कुपोषित का, हा त्यातला प्रश्न. त्यांनी बोट ठेवलं ते घरातल्या बाईच्या स्थानावर. ती शेवटी आणि उरलेलं जेवते, म्हणून बाळ जन्मतःच कमी वजनाचं होतं.

सप्टेंबर २००० मध्ये आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायची बंदी केंद्राने उठवली. २८ मे २००१ रोजी रामलिंगस्वामी गेले. ती बंदी पुन्हा लागू झालेली त्यांना बघायला मिळाली नाही. ती आली २००६ मध्ये.

बचत गटात मी हे सगळं सांगितलं, तेव्हा एकीने अगदी रास्त शंका काढली. मग आयोडीनचं मीठ खाऊनसुद्धा मला थायरॉईड कसा? तर आज आपल्यात जो दिसतो, तो बरेचदा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे होतो. तो मिठाने बरा होत नाही, त्याला गोळीच लागते. मीठ जास्त खाऊन तर मुळीच नाही. दिवसाला एक लहान चमचा, पाच ग्रॅमच्या आतच बरं. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा थोड्या वेळाने, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. कोबी, फ्लॉवर, मुळा सोडायची गरज नाही. ताटात आयोडीन असलं आणि भाजी शिजवलेली असली, तर त्याने सहसा बिघडत नाही.

सैंधव उपासाला खुशाल वापरा, पण पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का, ते वाचून. रोजचं मीठ झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून जरा लांब ठेवायचं. त्या दोघींपैकी एकीची सून तेव्हा चौथ्या महिन्यात होती. दुसऱ्याच दिवशी तिने दुकानातून पुडी आणली आणि मागची बारीक अक्षरं वाचून घ्यायला माझ्याकडे आली, कारण तिचा चष्मा नातवाने मोडला होता.